रेस सोडली की गाडी बंद: स्लोची वाट, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि परत परत येणारा बिघाड

लक्षण ठरलेलं असतं. पावसाळाभर पडवीत उभी असलेली कार्ब्युरेटरची स्कूटर चवथीच्या तोंडावर बाहेर काढली. स्टार्ट झाली, रेस धरून ठेवली तर धावलीही व्यवस्थित, पण तिठ्यावर मूठ सोडली की दोन-तीन आचके देऊन बंद. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर खोलून हवा मारली जाते, रेस स्क्रू (मूठ सोडल्यावरची रेस ठरवणारा) दीड-दोन फेरे आवळला जातो आणि गाडी घरी येते. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शिवाय आता मूठ हळू उघडताना मध्येच एक खड्डा जाणवतो, जो आधी नव्हता.

तो खड्डा रेस स्क्रूने आणलेला आहे. कसा, ते कळलं की हा बिघाड परत का येतो हेही कळतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि नव्या दुचाकी कार्ब्युरेटर सोडून जवळपास सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. त्याआधीच्या ॲक्टिव्हा, डिओ, स्प्लेंडर, पल्सर, बुलेट गोव्यातल्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत. वाड्यावर एखाद्याने मारुती ८०० किंवा ओम्नीही जपून ठेवलेली असते. पुढचं सगळं या गाड्यांसाठी.

स्लोवर इंजिन पेट्रोल कुठून घेतं

स्लोवर, म्हणजे मूठ सोडलेली असताना, बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली हवा अडवणारी गोल चकती) जवळजवळ मिटलेला असतो. त्याच्या एअर फिल्टरकडच्या अंगाला साधा वातावरणाचा दाब, समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा. इंजिनाकडच्या अंगाला पिस्टन हवा खेचत असतो, म्हणून तिथे जोरदार व्हॅक्यूम. कार्ब्युरेटरमधलं कुठलंही भोक या दोन अंगांपैकी कुठल्या अंगाला उघडतं एवढं पाहिलं तरी त्याचं काम निम्मं समजतं.

फिल्टरकडचा रबरी बूट काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. स्कूटर, पल्सर यांच्यातल्या डायफ्रामवाल्या (रबरी पडद्याच्या) कार्ब्युरेटरला तोंडाच्या काठावर दोन-तीन भोकं दिसतात. त्यातलं मोठं भोक डायफ्रामच्या खालच्या कप्प्याला बाहेरची हवा देतं. बारीक भोकांपैकी एक मेन जेटच्या (मूठ उघडल्यावर पेट्रोल देणाऱ्या जेटच्या) हवेचं, दुसरं स्लोच्या हवेचं. कुठलं कोणाचं हे ओळखायला कार्ब क्लीनरची नळी लावून एक फवारा मारायचा. स्लोच्या हवेच्या भोकात मारलेला फवारा स्लो जेटच्या जागेतून, मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून आणि बटरफ्लायजवळच्या बारीक भोकांतून बाहेर आला पाहिजे.

पेट्रोलचा प्रवास असा. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतून ते स्लो जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी नळीत, चढतं. केहिन कंपनीच्या जेटवर ३५ किंवा ३८ असा आकडा असतो, म्हणजे भोक ०.३५ किंवा ०.३८ मिलिमीटरचं. जेटमधून वर आलं की त्याला स्लोच्या वाटेची हवा भेटते आणि दोघांचा फेस होतो. हा फेस आतल्या बोगद्यातून बटरफ्लायच्या पलीकडे, इंजिनाच्या अंगाला असलेल्या एका भोकापाशी येतो. त्या भोकात मिक्स्चर स्क्रूचं टोक घुसलेलं असतं. स्लोवर इंजिन जगतं ते मुख्यतः या एका दारावर.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या. बटरफ्लायची कड भिंतीला जिथे टेकते तिथे, भिंतीत, सुईच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं ओळीने असतात. ही बायपासची भोकं. बटरफ्लाय मिटलेला असताना ती फिल्टरच्या अंगाला राहतात, त्यामुळे त्यांतून पेट्रोल येत नाही. उलट त्यांतून थोडी हवा आत शिरते आणि फेसात मिसळते. मूठ जराशी उघडली की बटरफ्लायची कड या भोकांवरून सरकते. भोकं एकेक करून व्हॅक्यूमच्या अंगाला जातात आणि हवा घ्यायचं सोडून पेट्रोल द्यायला लागतात. मेन जेटला जाग येईपर्यंत गाडी ओढून नेण्याचं काम त्यांचं.

आता स्लो जेट अर्धा बुजलाय असं समजा. मुख्य दारातून पेट्रोल कमी येतं, गाडी बंद पडते. रेस स्क्रू आवळला की बटरफ्लाय थोडा उघडतो आणि पहिली एक-दोन बायपासची भोकं मूठ सोडलेली असतानाच पेट्रोल देऊ लागतात. इंजिन चालू राहतं, गिऱ्हाईक खूश. पण मूठ उघडताना लागणारं राखीव पेट्रोल आधीच खर्ची पडलेलं असतं, म्हणून तो खड्डा. मिक्स्चर स्क्रू आत-बाहेर फिरवला तरी आवाजात फरक पडत नाही, कारण इंजिन आता त्याच्या दारातून जेवतच नाही. जेट मात्र बुजतच राहतो, आणि पंधरा दिवसांनी उसना रस्ताही पुरत नाही.

म्हणून पहिली परीक्षा हीच. इंजिन गरम, स्लोवर चालू. मिक्स्चर स्क्रू आतून किती फेरे बाहेर आहे ते मोजून ठेवा आणि हळूहळू पूर्ण आत न्या. निरोगी गाडी शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात अडखळून बंद पडते. स्क्रू पूर्ण आत जाऊनही इंजिन आरामात चालत असेल, तर ते दुसरीकडून पितंय. एक तर रेस स्क्रू फार आवळलाय, किंवा चोक ओढलेला राहिलाय, किंवा कुठूनतरी जादा पेट्रोल गळतंय.

स्क्रूच्या नावाची गल्लत

गॅरेजमध्ये दोन्ही प्रकारांना सरसकट एअर स्क्रू म्हणतात आणि त्यातून उलटं सेटिंग होतं. स्क्रू इंजिनाच्या अंगाला असेल तर तो फेस अडवतो: बाहेर काढला की मिश्रण दाट (पेट्रोल जास्त), आत घातला की पातळ (पेट्रोल कमी). स्क्रू फिल्टरच्या अंगाला असेल, जसा जुन्या आरएक्स १०० सारख्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरवर असतो, तर तो हवा अडवतो: आत घातला की दाट, बाहेर काढला की पातळ. वरची परीक्षा इंजिनाकडच्या स्क्रूसाठी आहे. हात लावण्याआधी स्क्रूची जागा बघा, नाव विचारू नका.

तीन कुळं, एकच लक्षण

स्लोवर बंद पडणं तीन वेगवेगळ्या कारणांनी होतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं: पेट्रोलची वाट बुजली. मिश्रण पातळ होतं. गोव्यात याचं कारण बहुतेक वेळा पाणी आणि त्यामागून येणारा पांढरा-हिरवा थर. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं. हद्दीबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बनतो. स्लो जेटचं खालचं टोक वाटीत तळाजवळच असतं. तीन-चार महिने तो थर तिथे राहिला की पितळ हिरवं पडतं, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते.

दुसरं: चोरवाटेने हवा आली. पेट्रोल बरोबर, पण बटरफ्लायच्या पलीकडे कुठेतरी फट आहे आणि तिथून न मोजलेली हवा शिरते. मिश्रण पातळ, पण रेस कधी कमी, कधी आपोआप चढलेली. मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली न येता तीन-चार सेकंद लटकत राहणं ही याची खूण. आधी मुठीची केबल मात्र तपासा. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते आणि मूठ पूर्ण परत येत नाही. तेही अगदी असंच दिसतं. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल हवी.

तिसरं: स्लोच्या हवेची वाट बुजली. हे सहसा कोणी बघत नाही. मिश्रण दाट होतं, प्लग काळा, सुका काजळी धरलेला, सायलेन्सरमधून जड वास, आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडायचं प्रमाण वाढतं. डिचोली, सांखळी, उसगाव, कुडचडे या खाणपट्ट्यात वापरलेल्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी लाल धुळीचा तेलकट लेप सापडतो. फिल्टर नीट बसलेला नसेल, किंवा ब्रीदर पाइपमधून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) आलेलं तेल धुळीला चिकटलं असेल, की हा लेप त्या बारीक भोकावर बसतो. स्लो जेट दहा वेळा साफ करा, इथे फडकंही फिरवलं नसेल तर उपयोग शून्य.

कुठलं कूळ आहे हे ठरवायला चोक पुरेसा आहे. इंजिन गरम असताना, स्लोवर अडखळत असताना चोक अर्धा ओढा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ, म्हणजे पहिलं किंवा दुसरं. आणखी गुदमरली तर दाट. आपोआप चालणारा चोक असेल तर फिल्टरचा बूट काढून कार्ब्युरेटरचं तोंड तळहाताने क्षणभर अर्धं झाका, परिणाम तोच मिळतो. आणि स्लोवर सगळं ठीक, पण मूठ पूर्ण उघडली तरी गाडी उचलतच नाही, तर या लेखातलं काही लागू नाही. डायफ्राम फाटलाय का ते बघा.

व्हॅक्यूमची तोंडं

नळी कुठे लावायची यावर जितकी भांडणं होतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. तोंडं दोन प्रकारची आहेत. एक बटरफ्लायच्या पलीकडे, इंजिनाकडे किंवा इनलेट पाइपवर: स्लोवर इथे व्हॅक्यूम सर्वांत जास्त आणि मूठ उघडली की कमी. दुसरं बटरफ्लायच्या कडेच्या किंचित अलीकडे: स्लोवर व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, आणि बटरफ्लायची कड त्याच्यावरून सरकली की एकदम चालू. इंजिन चालू ठेवून नळी काढा, तोंडावर बोट ठेवा. स्लोवरच बोट ओढलं गेलं तर पहिलं तोंड, रेस दिल्यावर ओढलं गेलं तर दुसरं.

स्कूटरला इनलेट पाइपवरून निघालेली नळी अनेक गाड्यांत पेट्रोल कॉकला जाते. इंजिन फिरलं की व्हॅक्यूम कॉकमधला डायफ्राम उचलतो आणि पेट्रोल सुटतं. हा डायफ्राम चिरला की पेट्रोल याच नळीतून थेट इनलेटमध्ये ओघळतं. कार्ब्युरेटर कितीही साफ करा, मिश्रण दाटच राहणार. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: नळी इनलेटकडून काढून टोक खाली धरा. पेट्रोलचा एक थेंब जरी आला तरी कॉक बदला. कॉक चांगला असेल तर पेट्रोलची नळी सोडून व्हॅक्यूमच्या नळीला सिरिंजने ओढ दिली की धार लागते, सोडली की थांबते. तोंडाने ओढू नका.

दुसरी नळी एअर फिल्टरमधून एक्झॉस्टला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हला जाते. उतारावर रेस सोडली की व्हॅक्यूम वाढतो आणि हा व्हॉल्व्ह मिटतो. नळी सुटली की दोन त्रास एकदम: स्लोला चोरहवा आणि रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके. बऱ्याच डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरच्या अंगाला आणखी एक छोटा गोल कप्पा असतो, दोन स्क्रूंच्या झाकणाचा, आत एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान डायफ्राम. रेस सोडल्यावर हा स्लोच्या हवेची एक वाट बंद करतो, म्हणजे मिश्रण क्षणभर दाट होतं आणि फटाके वाजत नाहीत. तो चिरला की स्लोची हवा तर बिघडतेच, शिवाय चिरेतून थेट चोरहवा जाते. चोर्लाचा घाट उतरताना फट फट वाजणारी आणि खाली सांखळीला पोचल्यावर स्लो न धरणारी गाडी दिसली की आधी हे झाकण उघडावं. झाकण उघडताना स्प्रिंग उडते आणि लाल मातीत पडलेली स्प्रिंग सापडत नाही. खाली पांढरं फडकं घाला.

मारुती ८००, ओम्नीसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारींना डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणारी) नळी, ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) असल्यास त्याची जाड नळी आणि क्रँककेसच्या वाफेची नळी अशी गर्दी असते. ॲडव्हान्सची नळी दुसऱ्या प्रकारच्या तोंडाची असताना चुकून पहिल्याला लागली की स्लोवरच ठिणगी लवकर पडते आणि रेस चढते. मग कोणीतरी रेस स्क्रू सैल करतो आणि नळी जागेवर लावल्याच्या दिवशी गाडी बंद पडायला लागते. बूस्टरची तपासणी सोपी: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्ट करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. ब्रेक दाबल्यावर स्लोची चाल बदलत असेल तर बूस्टर किंवा त्याची नळी गळते. व्हॅक्यूम गेज लावायची सोय असेल तर गरम, निरोगी इंजिन स्लोवर ४३० ते ५३० मिलिमीटर पारा दाखवतं, काटा स्थिर. काटा स्थिर पण ४०० च्या खाली असेल तर चोरहवा किंवा उशिरा पडणारी ठिणगी. काटा ठरावीक तालात खाली पडत असेल तर व्हॉल्व्हकडे बघा, कार्ब्युरेटर सोडा. एका सिलिंडरच्या दुचाकीला हे गेज लावण्यात फारसा अर्थ नाही, काटा नुसता थरथरतो.

चोरहवा शोधणं

साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या. इंजिन स्लोवर. इनलेट पाइपच्या दोन्ही जोडांवर, प्रत्येक नळीच्या मुळाशी, बटरफ्लायच्या दांड्याच्या दोन्ही टोकांवर एकेक करून फवारा. पाणी फटीवर पडताच चाल बदलते. कार्ब क्लीनरने हे अधिक ठळक कळतं, पण तो पेट घेतो आणि सायलेन्सर शेजारीच तापलेला असतो.

नळ्यांची टोकं ही गोव्यातली खास दुखरी जागा. रबर टोकाशी उभं चिरतं आणि चीर क्लिपच्या खाली लपते. नळी वाकवून बघा. टोकाशी १० मिलिमीटर कापून परत लावता येते, लांबी पुरत असेल तर. क्लिप गंजून तुटलेली असेल तर वायर पिळू नका, ती रबर कापते. नवी स्प्रिंग क्लिप काही रुपयांना मिळते.

स्प्लेंडर आणि तत्सम गाड्यांत कार्ब्युरेटरच्या फ्लँजमध्ये (जोडाच्या सपाट तोंडात) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते आणि दोन नट. गळती दिसली की नट आणखी आवळायचे ही सवय वाईट. फ्लँजचे कान पुढे वाकतात, मध्ये पोट येतं आणि फट वाढते. कार्ब्युरेटर काढून फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा, मागून उजेड मारा. ०.१ मिलिमीटरहून जास्त फट असेल तर काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठच्या आकड्यात फिरवत सपाट करा, अर्थात ओ-रिंग काढून. खोबण उथळ होईल इतकं घासू नका. नवी ओ-रिंग टाका, चपटी झालेली परत वापरू नका.

साफसफाई, जशी व्हायला हवी

वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. आधी तो उघडून पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा इकडे-तिकडे घरंगळणारे गोळे दिसले तर ते पाणी. मग टाकी रिकामी केल्याशिवाय कार्ब्युरेटर खोलण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनी परत येणाऱ्या बिघाडातला मोठा वाटा या एका न उघडलेल्या स्क्रूचा असतो.

वाटी काढा, स्लो जेट बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवा. पितळ मऊ असतं, खाच एकदा झिजली की जेट बाहेर येत नाही. जेट आभाळाकडे धरा: मधलं भोक गोल आणि काठ स्वच्छ दिसायला हवेत. अर्धचंद्र दिसला तर थर आहे. बाजूची आडवी भोकं विसरू नका, फेस तिथेच बनतो. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा. तरी नाही सुटलं तर लवचीक वायरीतला तांब्याचा एक धागा काढून घाला, तो साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो आणि पितळापेक्षा मऊ. गिटारची पहिली तारही जाते, ०.२३ ते ०.२५ मिलिमीटरची, पण ती पोलादी आहे. सरळ आत, सरळ बाहेर, घासायचं नाही. शिवणयंत्राची सुई किंवा टाचणी घातलेला जेट फेकून द्या. भोक दोन-तीन शतांश मिलिमीटरने वाढलं तरी ३५ चा जेट ३८ होतो.

मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी फेरे मोजा आणि कागदावर लिहा. स्क्रूवर ओळीने स्प्रिंग, बारीक वॉशर आणि टोकाशी अगदी लहान ओ-रिंग असते. स्क्रू बाहेर येताना ओ-रिंग बहुधा भोकातच चिकटून राहते. ती न बघता कंप्रेसर मारला की ओ-रिंग कुठे गेली ते कळत नाही. गाडी जोडली जाते आणि स्क्रूच्या आट्यांतून चोरहवा सुरू. साफ केल्यानंतर जास्तच बिघडली, या तक्रारीमागे पुष्कळदा ही हरवलेली ओ-रिंग असते. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती आधी बाहेर काढा. स्क्रूच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर आधी कोणीतरी तो जोरात आवळलाय. स्क्रू बदला.

सगळे रबर आणि डायफ्राम काढून झाल्यावरच क्लीनर मारा, रबर त्याने फुगतं. डोळ्यांना चष्मा लावा, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतो. स्लोच्या हवेच्या भोकातून मारा आणि बाहेर येणाऱ्या जागा मोजा: जेटची जागा, मिक्स्चर स्क्रूचं भोक, बायपासची सगळी भोकं. एखादं कोरडं राहिलं तर बाकीची बोटांनी दाबून परत मारा. सगळ्यांतून सारखी धार येईपर्यंत काम झालेलं नाही. कंप्रेसरची हवा ३० ते ४० पीएसआय पुरते.

वाटीला बाहेरची हवा देणारी नळीही फुंकून बघा. पाऊस ओसरला की कुंभारीण माशी अशा नळ्यांत चिखलाचं घर करते. नळी बुजली की गाडी दोन-तीन किलोमीटर नीट जाते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी थांबते. पाच मिनिटं उभी केली की परत चालते. ही नळी कुठे चिमटली गेली नाही ना, हेही बघा.

सेटिंग

प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि एअर फिल्टर ठीक असल्याची खात्री आधी. टॅपेट घट्ट असेल तर स्लोवर कुठलंच सेटिंग टिकत नाही.

कार्ब्युरेटर बसवण्याआधी रेस स्क्रू सैल करा आणि तोंडातून बघत बघत तो इतकाच आवळा की बटरफ्लायची कड पहिल्या बायपासच्या भोकाला जेमतेम झाकून राहील. मिक्स्चर स्क्रू दोन बोटांनी हलकेच टेकेपर्यंत आत आणि तिथून दोन फेरे बाहेर. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. ॲक्टिव्हाचा स्लो १७०० आरपीएम, शंभर इकडे-तिकडे. स्प्लेंडरचा १४००, तोच फरक. मीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. कानावर जाऊ नका.

मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथे रेस सर्वांत वर जाते ती जागा शोधा. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा, इंजिन उशिरा उत्तर देतं. रेस चढली की रेस स्क्रूने खाली आणा, पुन्हा मिक्स्चर शोधा. दोन-तीन फेऱ्यांत दोघं जमतात. उत्तम जागा बहुतेक गाड्यांत दीड ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये येते. अर्ध्या फेऱ्याच्या आतच आली तर कुठूनतरी जादा पेट्रोल येतंय किंवा स्लोची हवा अजून बुजलेली आहे. तीन फेरे गेले तरी रेस चढतच असेल तर पेट्रोलची वाट पूर्ण उघडली नाही किंवा चोरहवा राहिली आहे. तिथे रेस स्क्रूने वेळ मारून नेऊ नका, परत खोला.

बेळगावहून आणलेल्या जुन्या गाडीबाबत एक बारीक गोष्ट. ते शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. तिथे काटेकोर जमवलेला मिक्स्चर म्हापशाला उतरला की किंचित पातळ पडतो. पाव फेरा पुरतो, कार्ब्युरेटर खोलायची गरज नसते.

आपोआप चालणारा चोक असेल आणि गाडी थंड असताना उत्तम, गरम झाल्यावर दाट होत असेल, तर चोकचा प्लग काढून त्याला १२ व्होल्ट द्या. पाच-सात मिनिटांत सुई पुढे सरकलेली दिसली पाहिजे. तशीच राहिली तर चोक गेला. सुई सरकते, पण गाडीत काम होत नाही, तर कनेक्टरमध्ये हिरवा गंज शोधा.

पावसाळ्यात गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू उघडून वाटी रिकामी करा, स्क्रू परत लावा. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर तो इंजिन बंद असताना मिटलेलाच असतो, नुसती वाटी रिकामी केली की झालं. टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या टाकीतली मोकळी जागा जून ते सप्टेंबर रोज दमट हवा आत घेते आणि ते पाणी परत त्याच ०.३५ मिलिमीटरच्या भोकाकडे येतं. गाडी बाहेर काढताना पहिली अर्धी वाटी पेट्रोल ड्रेनमधून बाटलीत घ्या (व्हॅक्यूमचा कॉक असेल तर त्याआधी नळीला सिरिंजने ओढ द्या), थर नाही ना बघा, मगच स्टार्टर दाबा.